चहाच्या पुड्यातली पाखरे
(मंडळाच्या गणेशोत्सवात सांगितलेल्या भाषणाचा गोषवारा)



"छंदावर बोला, पण आरतीच्या आत आटपा," असा कार्यकारिणीचा आदेश आहे. तो शिरसावंद्य मानून थेट विषयावर येतो.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातली प्लास्टिकची चिमुकली जनावरे जमवली असतील. माझा छंद त्याचाच चुलतभाऊ. मालासोबत फुकट मिळणारी पक्ष्यांची जुनी चित्रकार्डे मी जमवतो. या कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालत, त्यावर पुढे चित्रे आली. अमेरिकेत खाण्याच्या सोड्याच्या डब्यांतून १९१५ च्या सुमारास लुई अगासिझ फ्युएर्टेस यांची पक्षीचित्रे घरोघर गेली. पक्षी मारू नका, असे त्या कार्डांवर आवर्जून छापलेले असे. ब्रिटनमध्ये महायुद्धातल्या कागदटंचाईने १९४० मध्ये सिगारेटची कार्डे बंद पडली. १९५४ पासून ब्रुक बाँडने चहाच्या पुड्यांतून पक्षी वाटायला सुरुवात केली. चार्ल्स टनिक्लिफ यांनी रंगवलेला १९६५ चा ब्रिटनमधल्या पक्ष्यांचा संच ५० कार्डांचा. त्यातली ४७ माझ्याकडे आहेत. उरलेली तीन मला झोप लागू देत नाहीत, असे आमच्या सौ. म्हणतात!

नव्या संग्राहकांसाठी एक सूचना. कार्ड डकवू नये, मागची माहिती झाकली जाते. आणि इथल्या गंगेकाठच्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते. म्हणून पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

पण हे बराकपुरात का सांगायचे? कारण पक्षीचित्रांचे एक मोठे घर इथेच होते. आपण जिथे फिरायला जातो त्या लाटबागानात १८०० च्या सुमारास लॉर्ड वेलस्लीने प्राणिसंग्रह उभारला. १८०४ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांच्या देखरेखीखाली इथले पशुपक्षी भारतीय चित्रकारांकडून रंगवून घेण्याचे काम सुरू झाले. ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हलुदारसारख्या एखाद्या चित्रकाराचे नाव आपल्याला कळते, पण बाकीचे बहुतेक अनामच राहिले. चित्र टिकते, नाव मात्र कोणी लिहून ठेवले तरच टिकते.

आपल्या घरांतही हेच होत आहे. आपली मुले माछरांगा ओळखतात, किंगफिशर ओळखतात, पण 'खंड्या' म्हटले की आपल्या तोंडाकडे बघतात. हळद्या म्हणजे बेनेबऊ, भारद्वाज म्हणजे कुबो, शिंपी म्हणजे टुनटुनी, दयाळ म्हणजे दोयेल, कोतवाल म्हणजे फिंगे. दोन्ही नावे गोड आहेत. बंगाली नाव त्यांना अंगणाने दिले. मराठी नाव आपण दिले नाही, तर इथे दुसरे कोण देणार? नाव अडले तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' (२००२) हाताशी ठेवावा.

म्हणून मंडपाच्या कोपऱ्यात आज कोरी कार्डे आणि रंग ठेवले आहेत. प्रत्येक मुलाने बराकपुरात स्वतः पाहिलेला एक पक्षी काढावा. मागे तिन्ही भाषांतली नावे लिहावीत, आणि खाली स्वतःचेही नाव घालावे. ते विसरू नका. मराठी नाव आजी-आजोबांना फोन करून विचारले तर अधिकच उत्तम, तेवढेच बोलणे होईल.

आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!