सातेरी आणि कुंडलिनी



गोमंतक व दक्षिण कोकणातील अनेक देवळांत सातेरीचे मूळ रूप म्हणजे मातीचे वारूळ, आपली रोयण होय. पुढे कित्येक गावी हीच सातेरी शांतादुर्गा या नावाने पूजिली जाऊ लागली. आपल्यातील काही सुशिक्षित या वारुळास ग्राम्य समजतात आणि शक्तीचे तत्त्व ग्रंथांत शोधतात. परंतु ग्रंथ काय सांगतात?

शैव-शाक्त आगमांनी ३६ तत्त्वे मानिली. त्यांत पहिले शिव आणि शेवटचे पृथ्वी. म्हणजे पृथ्वी ही चैतन्यापासून तुटलेली नसून त्याच शक्तीचे घनरूप होय. देहातही तेच. मूलाधार चक्राचे तत्त्व पृथ्वी. आणि तेथेच कुंडलिनी साडेतीन वेटोळी घालून सर्पिणीसारखी निजलेली असते. ती जागी झाली की सहस्रारी शिवास भेटते. मोक्षाची वाट मातीला टाकून जात नाही. मातीतूनच वर चढते. नागाचे घर मानलेल्या वारुळापुढे दिवा लावणाऱ्या गावकऱ्याने षट्चक्रांचे नावही ऐकले नसेल. तरी त्याची श्रद्धा आणि तांत्रिकाचे ज्ञान एकाच ठायी येऊन मिळतात.

म्हणून विनंती अशी की, जीर्णोद्धार करताना संगमरवराच्या हौसेपायी रोयण झाकू अथवा हलवू नये. वर्गणी देणारे आपण शहरवासी असू. परंतु ती माती राखणारे गावात आहेत. त्यांचा शब्द प्रथम ऐकावा. शिखर खुशाल उंच करावे. पाया मात्र मातेचाच राहू द्यावा.