रात्री दहा ते सकाळी सहा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मला विषय दिला आहे 'परदेशातलं रोजचं जगणं आणि तिथले नियम'. कार्यवाह फोनवर म्हणाले, "तिथली शिस्त सांगा, म्हणजे आपल्याकडच्यांना जरा लाज वाटेल." मी तेव्हाच सांगून टाकलं की तसलं भाषण मला जमणार नाही. मी 2009 ते 2021 अशी बारा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला होतो. त्यातली पहिली चार वर्षं मी तिथल्या नियमांना नावं ठेवण्यात घालवली. तेव्हा लाज वाटायचीच असेल तर आधी माझी पाळी आहे.

तिथल्या आपल्या मराठी मंडळींत तीन पक्ष असतात. पहिला म्हणतो, सगळं छान, आपल्याकडे काही खरं नाही. दुसरा म्हणतो, ही माणसं नियमांची गुलाम आहेत, माणुसकी नाही. तिसरा काही बोलत नाही, कचरा वेगळा करतो आणि झोपतो. मी दुसऱ्या पक्षाचा. दर शनिवारी कोणाकडे तरी जेवायला जमायचं आणि वरणभातासोबत नियमांची निंदा तोंडी लावायची, असा आमचा क्रम होता.

निंदेला विषयही भरपूर. नवीन घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. घरात टीव्ही असो वा नसो, आकाशवाणी-दूरदर्शनसाठी दर घरामागे वर्गणी भरायचीच. कचऱ्याचे डबे वेगळे: कागद, पॅकिंग, ओला, उरलेला. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या, त्याही पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगवार. आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण खळकन आवाज होतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की 25 सेंट अनामत. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. रविवारी दुकानं बंद. आपल्याला वाटतं हा दुकानदारांचा आळस. पण रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे. 1919 च्या घटनेतलं ते कलम 1949 च्या घटनेत तसंच उचलून घेतलं आहे.

आणि स्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे 'केरवोखे', झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना पुसायचा, तळघर आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लहानशी पाटी येऊन लटकते. या प्रथेचं मूळ 1492 सालच्या नगर-नियमात सांगतात. मी इंजिनियर माणूस, हातात झाडू घेऊन रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बडोद्याचं कोणी पाहत तर नाही ना!

आता जे सांगतो ते 2013 सालचं. आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. सोबत तिने पितळी खलबत्ता आणला होता. मिक्सरमधलं दाण्याचं कूट तिला कूट वाटतच नसे. एका रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला तिने दाणे कुटायला घेतले. आमच्या इमारतीच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन शांतता लिहिलेली होती आणि रविवार तर पूर्णच शांततेचा. ती नियमावली घराच्या करारासोबत मला मिळाली होती. मी ती वाचली नव्हती.

सोमवारी पत्रपेटीत चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या आजींची. दोन ओळी: रविवारी दुपारी ठोकण्याचा आवाज आला, नियमावलीचं अमुक कलम पाहावं, नमस्कार.

मला संताप आला. माझी आई सत्तरीची, आयुष्यात तिला कोणी चिठ्ठी लिहून दटावलं नव्हतं. मी उत्तर लिहायला बसलो. तुम्हाला तोंडाने बोलता येत नाही का, आमच्याकडे शेजारी असं वागत नाहीत, वगैरे. आईने विचारलं, "काय लिहितोस?" सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण मी कुटत होते हे खरं ना? मग आधी विचारून ये, त्यांना त्रास काय झाला ते." आणि तिनेच डब्यात चार बेसनाचे लाडू भरले. आम्ही तिघं खाली गेलो: आई, मी आणि दुभाषी म्हणून आठ वर्षांची माझी मुलगी, कारण तिचं जर्मन माझ्यापेक्षा बरं होतं.

आजींनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं नाही, बोट ओठांवर ठेवलं. मागे खोलीत त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांना झोप नसे, म्हणून आजीही जाग्या. दुपारी एक ते तीन दोघांचा डोळा लागे. चोवीस तासांतली तेवढीच झोप. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली ती खोली.

जिना चढताना आई म्हणाली, "बिचारीने एवढं सगळं चिठ्ठीत लिहिलं नाही रे." ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, लिहिलं असतं तर मी रागावलोच नसतो. आईचं म्हणणं वेगळं होतं, ते पुढे सांगतो.

त्यानंतर खलबत्ता अकराच्या आत वाजू लागला आणि आजींशी आमचं जमलं. जमलं म्हणजे गळ्यात गळा नाही. जिन्यात दोन वाक्यं, नाताळात बिस्किटं, दिवाळीत चकल्या. त्यांच्याकडूनच मला कळलं की तिथला नियम सरसकट गप्प बसवणारा नाही. 2011 साली त्यांनी कायद्यातच लिहिलं की पाळणाघर, खेळाचं मैदान इथून येणारा मुलांचा आवाज हा साधारणपणे त्रासदायक आवाज धरायचा नाही. 2018 साली त्यांच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे एका ट्रंपेटवादकाच्या सरावाचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं, घरात वाद्य वाजवणं ही जगण्याचीच गोष्ट आहे, सरसकट बंदी चालणार नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास, सुटीच्या दिवशी एक-दोन तास, विश्रांतीच्या वेळा सोडून, असा साधारण अंदाज दिला. म्हणजे वाजवणाऱ्यालाही जागा आणि झोपणाऱ्यालाही.

2015 साली माझे वडील गेले. फोन आला त्याच रात्री निघालो. कोणाला सांगायला वेळ नव्हता. तीन आठवड्यांनी परतलो तर दारावर पाटी नव्हती आणि पत्रपेटीत पुन्हा चिठ्ठी. हात थरथरला. म्हटलं, आपली झाडण्याची पाळी चुकली, आता आणखी काय ऐकावं लागणार. आजींनी लिहिलं होतं: "तुमचा आठवडा मी केला. आता माझा एक आठवडा तुमच्याकडे उधार." एवढंच. सांत्वनाचा शब्द नाही. पण मी जिन्यातच बसून रडलो. ज्या नियमाला मी माणुसकीशून्य म्हणत होतो, त्याच नियमाच्या भाषेत ती बाई मला माणुसकी दाखवत होती. तिला दुसरी भाषा येत नसावी.

तिथलं सगळं असंच गोड होतं, असं मात्र समजू नका. राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी एका कचेरीत मी ज्या खेपा घातल्या त्या आठवल्या की आजही पोटात गोळा येतो. एक कागद कमी म्हणून परत, दुसरी तारीख दोन महिन्यांनी. नियम सगळ्यांना सारखा खरा, पण ज्याला ती भाषा वाचता येते त्याला तो जरा जास्त सारखा. शाळेचंही तसंच. सुटी लागायच्या चार दिवस आधीची तिकिटं स्वस्त मिळत होती, म्हणून मुलीला नेऊ का विचारलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळा सक्तीची आहे, नेलंत तर दंड होईल. मी घरी येऊन तणतणलो. आई फोनवर हसली. म्हणाली, "तुझ्या पणजोबांनाही महाराजांच्या माणसांनी तेच सांगितलं होतं." खरंच आहे. 1906 साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड होता. आज आपण त्या कायद्याचा अभिमान सांगतो. त्या वेळी दंड भरणाऱ्यांनी काय म्हटलं असेल, ते मला तणतणताना कळलं.

आता शेवटचं, आणि ते इथलं आहे. आम्ही 2021 मध्ये परत आलो. पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. उत्सवाचे दिवस होते. आमच्या घरामागे मांडव, आपल्या मंडळाचा नव्हे, आणि रात्री बारा-साडेबारापर्यंत भोंगे. आई म्हणायची नाही काही, फक्त डोळे मिटून घ्यायची. मी तीन रात्री गप्प बसलो. स्टुटगार्टमध्ये बारा वर्षं राहिलेला मी, घरच्या गावात शब्द काढू शकलो नाही. सण आहे, आपलीच मुलं आहेत, लोक म्हणतील परदेशात राहून आला म्हणून मिजास.

चौथ्या रात्री गेलो. मुलांनी माझं ऐकून घेतलं आणि आवाज तिथल्या तिथे बंद केला. एक जण म्हणाला, "काका, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? आजी आजारी आहेत हे आम्हाला काय ठाऊक!" दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक जण आईला प्रसाद देऊन गेला. मुलं चांगलीच होती. माणुसकीत काही कमी नव्हतं.

त्या रात्री मला आईचं जिन्यातलं वाक्य कळलं. "बिचारीने एवढं सगळं चिठ्ठीत लिहिलं नाही." लिहिण्याची गरजच नव्हती. नवरा आजारी आहे, मी जागी असते, मला दया दाखवा, हे त्या बाईला परक्या माणसापुढे उघडं करावं लागलं नाही. नियमाचं कलम पुरलं. मला मात्र माझ्या आईचं आजारपण मांडवात उभं राहून सांगावं लागलं. मी पुरुष, गावचा, चार जण ओळखणारे. ज्याला जाऊन सांगता येत नाही, जो भाडेकरू आहे, परप्रांताचा आहे, ज्याचा धीर होत नाही, त्याच्या घरचा आजारी माणूस काय करत असेल? ज्याला वशिला नाही, त्याच्यासाठी नियम असतो.

आणि गंमत बघा, आपला नियम तोच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत भोंग्यांना बंदीची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. जर्मनीत रात्रीच्या शांततेची वेळ? रात्री दहा ते सकाळी सहा. सणासुदीला बारापर्यंत सूट देता येते, पण वर्षात पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. जो नियम मी परदेशी म्हणून बारा वर्षं पाळला, तो घरी येऊन पाहतो तर आपलाच निघाला.

आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर, दरबाराबरोबर या गावात आले. इथली भाषा शिकले, शेजाऱ्यांच्या रीती शिकले, म्हणून आज हा गणपती फक्त आपला राहिलेला नाही, साऱ्या गावाचा झाला आहे. बाहेरून आलेल्याने शेजार सांभाळायचा असतो हे आपल्याला नव्याने शिकायला नको. पिढ्या उलटल्या की आपण बाहेरून आलो होतो हे विसरायला होतं, एवढंच.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. कोणी सांगायला येण्याची वाट न पाहता, परवानगी असली तरी, मोठे भोंगे दहाला बंद करावेत. आरती टाळ्या-झांजांवर उत्तम होते. स्टुटगार्टला आम्ही आठच्या आत आरती आटपायचो आणि विसर्जन घरच्या बादलीत करायचो. बाप्पाने कधी तक्रार केली नाही.

आई गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. खलबत्ता माझ्याकडे आहे. अजून अकराच्या आतच वाजतो.

घड्याळात पावणेदहा झालेत. माझंच बोलणं माझ्यावर उलटायच्या आत माइक खाली ठेवतो.

गणपती बाप्पा मोरया!