सर्व्हर आणि ‘किमान’ हा शब्द



करारात ‘किमान’ हा शब्द दिसला की आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींचे कान टवकारतात. किमान वेतन म्हणजे माणूस तगेल एवढे. तो नीट नांदेल एवढे नव्हे. पतपेढ्या, वाचनालये, संघटनांच्या कचेऱ्या यांत आज सर्व्हर आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांतही हाच शब्द बसलेला असतो.

सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या साऱ्या संगणकांचा सामाईक दप्तरदार. त्यावरची प्रणाली फाइली एके ठिकाणी जपते, प्रिंटरपुढे कामांची रांग लावते, येणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड तपासते, कोणती फाइल कोणी नुसती वाचावी आणि कोणी बदलावी हे पाळते.

आता यंत्राची गरज पाहू. ‘विंडोज सर्व्हर २०२२’ला किमान १.४ गिगाहर्ट्झचा ६४-बिट प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी आणि ३२ जीबी डिस्क लागते. माउसने चालवायचा नेहमीचा पडदा हवा असेल, तर मेमरी २ जीबी. कोणी म्हणेल, मग अडगळीतला संगणकही पुरेल! पण हे आकडे प्रणाली उभी राहण्यापुरते आहेत. हिशेबाचे काम आणि एकदम कामाला बसणारी दहा माणसे त्यांत धरलेली नाहीत. मेमरी अपुरी पडली की यंत्र डिस्कचा आसरा घेते. डिस्क मेमरीहून फार मंद. मग खिडकीपुढे रांग वाढते, आणि बोल लागतो तो कारकुनाला!

दुसरा हिशेब परवान्याचा. याच प्रणालीच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. यंत्रात ४ कोअर असले तरी १६चा घ्यावा लागतो. शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा यंत्राचा परवाना निराळा.

दुसरी वाटही आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ साली ऑस्ट्रेलियात ‘सांबा’चे काम आरंभले. लिनक्सवर चालणारा सांबा विंडोजच्या संगणकांना फाइली आणि प्रिंटर पुरवतो, आणि परवान्याचे पैसे पडत नाहीत. मात्र तो बसवणारा, सांभाळणारा जाणता माणूस लागतो. परवान्याचे पैसे वाचले म्हणून त्याला फुकट राबवू नये.

आणखी एक गोष्ट. जोडडिस्क लावली, म्हणून दप्तर सुरक्षित झाले असे नव्हे. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते. प्रत निराळ्या जागी हवीच.

तेव्हा खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी समितीने तीन प्रश्न विचारावेत: एका वेळी माणसे किती बसणार? प्रत कुठे राहणार? आणि हे सांभाळणार कोण, किती पगारावर? तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. ते आपणच द्यायचे आहे.