रातांब्याचा रंग आणि अंगावरचे डाग
(सावर्डे येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

रातांबे फोडताना आपले हात लाल होतात. तो रंग अँथोसायनिन द्रव्यांचा. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञांनी लिंबातल्या त्याच कुळातल्या द्रव्यांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले. त्यांनी केशवाहिन्या बळकट होतात, असा दावा होता. पुढे हे जीवनसत्त्व नव्हे, असे ठरले.

केशवाहिनी फुटली की कातडीखाली रक्त साकळते, अंग काळेनिळे पडते. विनाकारण पडत असेल, तर कोकम सरबतावर विसंबू नका. रक्त तपासून घ्या.

पण मार खाल्लेल्या बाईबद्दलही “हिच्या नसाच नाजूक” असे मी घराघरांत ऐकले आहे. दोष नसांचा नाही. डॉक्टरांना खरे सांगा, नोंद करून घ्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागताना ती कामी येते.