संशोधन करणाऱ्याने वजन उचलावे काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



समितीने आम्हाला विषय दिला ‘उच्च शिक्षण आणि आरोग्य’. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून आम्ही स्वतः ज्यात गुंतलो आहोत, तेवढंच बोलतो. आम्ही पीएच.डी. करतो आणि वेटलिफ्टिंगही करतो. त्यामुळे घरीदारी एकच ऐकायला मिळतं, “एक ना धड, भाराभर चिंध्या!” बोलणारे वाईट नाहीत. आपल्या घरात पीएच.डी.पर्यंत जाणारा बहुधा पहिलाच असतो. त्याची कंबर धरली, पदवी राहिली तर काय, ही त्यांची भीती खरी आहे.

पण आपला भाग पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकले. त्यांना ऑलिंपिकला पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. शिक्षणाचा आणि अंगमेहनतीचा वैरभाव त्या प्राचार्यांना दिसला नाही.

अलीकडचं उदाहरण सांगलीचं. संकेत सरगर याच्या वडिलांची पानाची टपरी. संकेत शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकत होता. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असं एकूण २४८ किलो वजन उचललं. मग १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो उभा राहिला. मलेशियाचा खेळाडू २४९ वर गेला. एका किलोनं सुवर्ण गेलं! त्याची बहीण काजोल हिने त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण मिळवलं. भावाच्या रौप्याआधी बहिणीचं सुवर्ण, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावं.

आता आमचं. आमचा प्रबंध खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथून देशभर गेलेल्या गलाईवाल्यांच्या कुटुंबांवर आहे. ही मंडळी दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी येतात. मुलाखती घ्यायच्या त्या तेव्हाच. त्या महिन्यांत सांगलीची तालीम आठवड्याला चारऐवजी दोनच दिवस, तेही हलक्या वजनावर. लोकांना वाटतं, मग कमावलेलं सगळं गेलं. तसं होत नाही. ताकद कमवायला जेवढे श्रम लागतात, त्याच्या कितीतरी कमी श्रमांत ती काही महिने टिकते. उलट गलाईवाले परत गेले, वहीत मजकूर साठला, की सकाळी दोन तास लिहायचं आणि संध्याकाळी जड वजन. स्पर्धा धरायची ती याच काळात. प्रकरण मार्गदर्शकांना द्यायची तारीख आणि स्पर्धेची तारीख एकाच पंधरवड्यात येऊ द्यायची नाही. ‘समतोल’ म्हणजे रोज दोन्हीकडे अर्धं-अर्धं, असा हिशेब आम्हाला पटत नाही. रोज अर्धं करणाऱ्याचं दोन्ही अर्धंच राहतं. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि कोणत्या महिन्यात कोण पुढे हे आधी ठरवा.

मागे पडलं म्हणजे सुटलं असं नव्हे. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचं नाव दाखल झालं, त्या बाबासाहेबांचा लंडनचा अभ्यास १९१६ ला सुरू झाला, १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून थांबला, १९२० ला पुन्हा सुरू झाला आणि १९२३ ला डी.एस्सी. झाली. त्यांनी शरीराची पर्वा न करता अभ्यास केला, आणि पुढे मधुमेहानं, मज्जातंतूंच्या दुखण्यानं त्यांना किती छळलं हेही आपण जाणतो. त्यांच्या वाचनाचं आपण कौतुक करतो. त्यांच्या दुखण्याकडे पाहून आपल्या पोरांना वेळेवर झोपा, असं मात्र कुणी सांगत नाही. रात्री दोनपर्यंत वाचून पहाटे जड वजनाखाली जाऊ नये, हे आम्ही नक्की सांगतो.

खाण्याचं म्हणाल तर महागड्या डब्यांची गरज नाही. अंडी, दूध, शेंगदाणे, हरभरे, कधी सुकट. एवढं बहुतेक घरांत जमतं.

शेवटी समितीला एक विनंती. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहेच. खाली, मागच्या पडवीत जाड रबरी चटई टाकून वजनांची सोय करावी. वजन खाली टाकावं लागतं, म्हणून ते तळमजल्यावरच हवं. पुरुषांचा बार २० किलोचा असतो, बायकांचा १५ किलोचा आणि हाताला बारीक. दोन्ही घ्यावेत. पैसे एकाच बारापुरते जमले तर १५ चा आधी घ्यावा. मुलांना तालमी पुष्कळ आहेत, मुलींना आपल्या वस्तीत एकही नाही. संध्याकाळी सहा ते सात ही वेळ त्यांचीच ठेवावी. शिकवायला आम्ही येऊ, दिवाळीचा आणि जत्रेचा काळ सोडून.