विहीर लिहिताना हात कसा फिरतो

मंडळी हो, आज पाटीवर एकच शब्द घेऊ. विहीर.

तोंडाने आपण आधी 'व' म्हणतो, मग 'इ'. पण पाटीवर पहिल्या वेलांटीची उभी रेघ 'व'च्या आधी येते. बोलणं पुढं चाललं, हात मागं! पुढची 'ही' सोपी. तिची वेलांटी अक्षराच्या पुढंच येते.

आता म्हणा, 'विहिरीत पाणी आहे.' मराठीला 'त', 'ला', 'वर' हे प्रत्यय शब्दालाच जोडायची सवय. 'त' जोडला की आतली 'ही' आखूड होते, तिची 'हि' होते. मघा उजवीकडे असलेली रेघ आता डावीकडे आली. म्हणून आपला हात अडखळतो. जळगाव जामोदच्या पलीकडे, बुऱ्हाणपुराकडे हिंदी लिहितात. तिथं 'कुएँ में' असे दोन सुटे शब्द, आणि डोक्यावरची रेघही दोनदा. आपल्या 'विहिरीत'वर एकच लांब रेघ.

जुन्या कारकुनांना तर दिवसभर लिहावं लागे. बोरू घडीघडी उचलला तर काम कधी उरकायचं? म्हणून ते मोडी लिहीत. आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्यांच्याखाली अक्षराला अक्षर जोडत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. वेलांटी एकच, अक्षराच्या पुढं. हाताला मागं जाणंच नको. लिहिणाराची सोय झाली, वाचणाराचे मात्र हाल! स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोडी शाळेतून गेली.

आपल्याला त्याचं काय, असं कोणी म्हणेल. पण पणजोबांचं खरेदीखत पेटीत असतं, ते बहुधा मोडीत. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, हे त्यातच लिहिलेलं. शिकलेला मुलगा म्हणतो, "ही मराठी नाही," आणि कागद रद्दीत टाकतो. अहो, ती मराठीच आहे! २०२३ साली सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली.

असा कागद ओलीपासून जपा. त्याला चिकटपट्टी लावू नका. सरकारचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. मोडी शिकलेल्या जाणकाराकडून त्याची बाळबोध नक्कल करून घ्या. नक्कल हाती आली की दुसऱ्याला वाचायला देऊ नका. त्यातली 'विहीर' आपणच बोट ठेवून शोधा.