मोबाइलवरची माहिती आणि माझी चूक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा खरे तर मला अधिकार नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे लग्न झाले आणि पाटी सुटली. तरीही गेल्या वर्षी याच जागेवरून मी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्याविषयी दहा मिनिटे बोलले आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. त्या भाषणात मी एक खोटी गोष्ट सांगितली होती. मुद्दाम नव्हे, पण सांगितली खरी. तीच आज दुरुस्त करायची आहे.

मी म्हटले होते की, अमेरिकेहून परत आल्यावर आनंदीबाईंनी कोल्हापूरच्या इस्पितळात शेकडो बायकांना बरे केले. कार्यक्रम संपला, चहा झाला आणि आपल्या मंडळातल्या एका वयस्क काकूंनी मला खांबाआड बोलावून हळूच विचारले, “काय गं, परत आल्यावर किती दिवस जगली ती?” मला सांगता येईना. काकू म्हणाल्या, “घरी जा आणि मोज.”

घरी आल्यावर मोजले. आनंदीबाईंना पदवी मिळाली 11 मार्च 1886 रोजी. त्या वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, त्याही क्षयाने खंगलेल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती ही गोष्ट खरी. पण तिथे काम करायला देवाने त्यांना वेळच दिला नाही. मग शेकडो बायका कधी बऱ्या झाल्या? एवढे गणित तर सातवीतल्या बाईलाही येते. मी केले नव्हते, इतकेच.

आता ही माहिती आली कुठून? आमच्या नववीतल्या मुलीला शाळेत प्रकल्प होता. तिने मोबाइलवर पाहून वहीत उतरवून घेतले आणि मी तिच्या वहीतून भाषणात घेतले. मी तिला विचारले, “हे लिहिले कुणी?” ती म्हणाली, “गूगलने.” मी म्हटले, अगं, गूगल हा चौकात उभा राहून वाट दाखवणारा माणूस. अमक्याचे घर तिकडे, एवढेच तो सांगतो. घरातला माणूस खरे बोलतो की थापा मारतो, हे त्याला कुठले ठाऊक? मग आम्ही दोघींनी ते पान पुन्हा उघडले. लिहिणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, कोणत्या पुस्तकातून घेतले त्याचा पत्ता नाही. मधूनमधून साबणाच्या आणि चपलांच्या जाहिराती मात्र भरपूर!

मुलगी ऐकेना. म्हणाली, “आई, आणखी पाच ठिकाणी हेच लिहिलंय.” पाचही ठिकाणे पाहिली. वाक्यन्‌वाक्य तेच, एके ठिकाणी शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. भगिनींनो, नळावर पाच जणी एकच बातमी सांगतात, तेव्हा आपण काय विचारतो? “तुला कुणी सांगितलं?” पाचही बोटे एकीकडेच वळली, तर साक्षीदार एकच झाली ना?

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चिकटवलेला फोटोही आनंदीबाईंचा निघाला नाही. 2019 साली आलेल्या चित्रपटातल्या नटीचा निघाला. आनंदीबाईंचा खरा फोटो आहे आणि तो पाहण्याजोगा आहे. 1885 सालचा, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला. साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. तीन देशांच्या तीन मुली, आपापल्या वेषात. तो पाहिल्यावर मुलीने आपण होऊन नटीचा फोटो उचकटून काढला.

दुसऱ्या एका पानावर तर नवराबायकोचे संवादच होते, जणू लिहिणारा दाराआड उभा होता. दहा दिवसांचे मूल गेले त्या रात्री गोपाळराव काय म्हणाले, आनंदीबाई काय म्हणाल्या, सगळे अवतरणचिन्हांत. काकू म्हणाल्या, हा कादंबरीचा थाट दिसतो. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी 1968 सालची. मी ती वाचनालयातून आणून वाचली आणि रडलेही. पण कादंबरीकाराला संवाद रचण्याची मुभा असते, प्रकल्प लिहिणाऱ्या मुलीला नसते. मुळाकडे जायचे तर आनंदीबाईंची पत्रे आहेत. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आहे. अमेरिकेतल्या कॅरोलाइन डॉल या बाईंनी 1888 सालीच इंग्रजीत लिहिलेले चरित्र आहे. काशीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर वाचायला शिकल्या आणि त्यांनी चरित्र लिहिले. हे कळल्यावर मला माझ्या सातवीची लाज वाटेनाशी झाली.

आणि ‘पहिली स्त्री डॉक्टर’ म्हणावे, तर कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही 1886 सालीच तिथल्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या आणि त्यांनी पुढे वैद्यकीही केली. मराठी पान आपली पहिली म्हणते, बंगाली आपली. म्हणून कशात पहिली ते लिहायला मी मुलीला सांगितले. तिने ‘अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री’ असे लिहिले. वाक्य लांबले, पण आता कुणी बोट ठेवणार नाही.

विकिपीडिया वाईट का, असे काही जणी विचारतात. मुळीच नाही. पण तिथे कुणीही लिहू शकतो, म्हणून वाक्याच्या शेवटी बारीक आकडा आहे का ते पाहावे आणि त्या आकड्यावरून खालच्या पुस्तकापर्यंत जावे. मराठी विश्वकोशही आता मोबाइलवर मिळतो. आणि हल्ली जे प्रश्न विचारला की स्वतःच उत्तर लिहून देणारे निघाले आहे, त्याने तर मुलीला एका पुस्तकाचे नाव पान क्रमांकासकट सांगितले. वाचनालयातल्या बाईंनी ते सगळीकडे शोधले. तसे पुस्तकच नाही! पण सांगताना आव असा, की बाई, मीच ओशाळले.

आता खरी गोष्ट सांगते. मुलीच्या त्या प्रकल्पाला शाळेत ‘उत्तम’ असा शेरा मिळाला होता आणि तो तालुक्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. चूक कळली तेव्हा चार दिवस उरले होते. मुलगी म्हणाली, “बाईंना कळलं नाही, मग तू कशाला उकरून काढतेस?” मला उत्तर सुचेना. तिच्या वडिलांचेही मत गप्प बसावे असेच पडले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी ती आपणच शाळेत जाऊन सांगून आली. प्रकल्प नव्याने लिहायला वेळ पुरला नाही आणि दुसऱ्या मुलीचा गेला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. माझे बरोबर होते की नव्हते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नवा प्रकल्प तिने पुढे सुट्टीत पुरा केला, कुणी मागितला नसताना. तो मी आज बरोबर आणला आहे.

एक विनंती आहे. माझे ते भाषण गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत छापले आहे. ज्यांच्या घरी अंक असेल त्यांनी कोल्हापूरचे वाक्य खोडून टाकावे. कुणी अंक बरोबर आणला असेल, तर चहाच्या वेळी माझ्याकडे या. पेन माझ्याजवळ आहे.